व्हॉल्व्ह बंद ठेवा, वहिनी

४ फेब्रुवारी

भावजी,

नमस्कार. तब्येतीची चौकशी पुढच्या पत्रात करीन, आधी कामाचं. फोन मुद्दामच केला नाही. मैलाशुद्धीकरण केंद्रातल्या त्या घरघरणाऱ्या यंत्रांपाशी तीस वर्षं काढून तुमच्या कानांचं काय झालंय ते मला ठाऊक आहे. मी घसा फोडून बोलते, तुम्ही "हो हो" म्हणता आणि शेवटी विचारता, "कोण बोलतंय?"

तुमचे दादा गेल्यावर मी घर भाड्यानं दिलं आणि त्यांच्या गाडीघरात राहायला आले, हे तुमच्या कानावर, म्हणजे डोळ्यांखालून, गेलंच असेल. दोघांनी मिळून फिरायचं म्हणून त्यांनी ते घेतलं होतं. फिरणं एकाच सुट्टीपुरतं झालं. आता मी एका तळ्याकाठी, गाडीघरांच्या तळावर सतरा नंबरच्या जागेत उभी आहे. एक पलंग, दोन बर्नरची शेगडी, घडीचं टेबल आणि पुस्तकांची एक फळी. हसू नका, पण मी इथे सुखात आहे. सकाळी दार उघडलं की पाणी दिसतं. छत्तीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टर म्हणून काढली, तिथे दार उघडलं की बेडपॅन दिसायचं.

अडचण वासाची आहे. गाडीच्या पोटात संडासाची टाकी आहे, तिला वास मारतो. आणि मी काय कमी स्वच्छता ठेवते? रोज अर्धी बाटली जंतुनाशक ओतते. टाकीचा व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवते, म्हणजे घाण जमिनीतल्या गटारात लगेच निघून जावी. माझ्या झोपण्याच्या जागेखाली मैला साठवून ठेवायचा? मला नाही जमायचं. टाकी भरू नये म्हणून पाणीही बेतानं सोडते. तरी शेजारी नाक मुरडतात.

गेल्या महिन्यात गोटी चार दिवसांसाठी आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा चेहरा उतरला तो उतरलाच. तिसऱ्या दिवशी बॅग भरली आणि म्हणाली, "आई, ही गाडी विक आणि आमच्याकडे राहायला चल." माझी लेक मला तोंडावर घाणेरडी म्हणाली नाही, एवढंच. पुष्कळ वादावादी झाली. शेवटी ठरलं की वीस एप्रिलला ती पुन्हा येणार. तोवर गाडी ठीकठाक झाली नाही तर मी कागदांवर सही करायची. तिनं गिऱ्हाईकही बघून ठेवलंय. शब्द दिलाय मी, भावजी, आणि मी शब्द फिरवत नाही. मला लेकीच्या घरातल्या एका खोलीत बसून तिच्या येण्याची वाट बघत म्हातारं व्हायचं नाही.

तर सांगा, काय करू?

वहिनी

*

१० फेब्रुवारी

वहिनींस लांबूनच नमस्कार, हात धुतलेले नाहीत.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा कपाळावर हात मारला, तिसऱ्यांदा जरा गप्प बसलो. त्याचं शेवटी सांगतो.

अहो, तुम्ही एक टाकी आणि तीन अपराध करून बसला आहात! व्हॉल्व्ह उघडा ठेवलात की पाणी पळून जातं आणि घट्ट माल मागे राहतो. तो तिथेच बसतो, वाळतो, त्यावर पुढचा बसतो. आता तुमच्या गाडीच्या पोटात एक छोटी टेकडी उभी असणार. व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, वहिनी. टाकी पाऊण भरेपर्यंत हात लावायचा नाही. मग एकदम उघडायचा, म्हणजे पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळं धावत सुटतं.

दुसरं, पाणी. ते वाचवायचं असेल तर दुसरीकडे वाचवा. प्रत्येक वेळी भरपूर सोडा. टाकी रिकामी झाली की लगेच दोन बादल्या पाणी आत घाला. कोरडी टाकी म्हणजे वासाचं माहेर.

तिसरं तुमचं जंतुनाशक. मैला खाऊन टाकणारे जंतू असतात, तेच आमचे कामगार. आमच्या केंद्रात मी तीस वर्षं त्यांना हवा दिली, थंडीत जपलं, ते रुसले तर रात्रपाळी केली. आणि तुम्ही रोज सकाळी त्यांच्यावर अर्धी बाटली ओतता! ते मेले तर मैला कोण खाणार? दुकानात टाकीत घालायचे जिवंत जंतू मिळतात, ते आणा.

आता असं करा. व्हॉल्व्ह बंद. टाकी पाण्यानं काठोकाठ. जंतू आत. चार दिवस भिजू द्या. मग खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यानं गाडी तासभर फिरवा, आतलं घुसळून निघेल. मग रिकामी करा. गरज पडली तर पुन्हा.

आणि एक नीट कळवा. वास नेमका कसला येतो? सडक्या अंड्यांसारखा, डोळ्यांत झोंबणारा, की तुंबलेल्या मोरीसारखा? प्रत्येकाचं कारण निराळं असतं. न्हाणीच्या जाळीपाशी नाक नेऊन बघा.

गप्प का बसलो, तर तीस वर्षांत घरातल्या कुणीही मला माझ्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. तुम्ही पहिल्या.

भावजी

*

२२ फेब्रुवारी

भावजी,

तुमच्या त्या शेवटच्या ओळीनं माझं जेवण गेलं. खरं आहे तुमचं. तुम्ही कामावरून आलात की मागच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायला लावायची मी, आणि वर टॉवेलही वेगळा. जखमा हाताळणारी बाई मी, मला कसली आली होती ऐट! आयुष्यभर नाकानं कांदे सोलले. चुकले मी. पुढचं लिहिते, नाहीतर रडू येईल.

टाकी भिजवली. पाचव्या दिवशी गाडी काढली. तळाच्या मागे दगडखाणीकडे जाणारा रस्ता आहे, त्याच्यावरून दोनदा गेले आणि आले. कपाटातल्या बश्या नाचत होत्या. शेजारच्या अठरा नंबरात एक म्हातारा सुतार राहतो, तो हौसेनं सोबत आला आणि येताना पाठ धरून उतरला. मग व्हॉल्व्ह उघडला. भावजी, काय सांगू! जाड नळी अशी उसळली की मी दोन्ही पायांत दाबून धरली. सुतार म्हणाला, "बाई, हे सगळं तुमचं एकटीचं?" मी म्हटलं, "नाही, पाहुण्यांचंही आहे." दुसऱ्यांदा भिजवून काढलं तेव्हा पाणी बरंच नितळ आलं.

वास कसला, असं तुम्ही विचारलंत. वास म्हणजे वास, त्याच्या काय जाती असतात? सुतार म्हणतो, संडासाचा गेला पण मोरीसारखा काहीतरी अजून आहे. त्याला मी कामच लावून दिलंय. सकाळी आठला येतो, गाडीभर हुंगतो, चहा पितो आणि अहवाल देतो.

आता त्या मोरीचं सांगा.

वहिनी

*

१ मार्च

वहिनी,

नळी दोन पायांत धरलीत ना? आता तुम्ही आमच्यातल्या झालात.

मोरीचा वास म्हणजे भांड्यांच्या आणि न्हाणीच्या सांडपाण्याची टाकी. बेसिनखाली वाकडा पाइप असतो, त्या वाकणात पाणी राहतं आणि तेच खालचा वास अडवतं. न्हाणी वापरात नसेल तर ते सुकतं आणि वास सरळ वर येतो. म्हणून रोज प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता. तेलकट भांडी आधी कागदानं पुसा, मग धुवा, तेल टाकीत गेलं की थर धरतं. रिकामी करताना आधी संडासाची टाकी, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी आपोआप धुतली जाते.

आता पिण्याच्या पाण्याची टाकी. तिथे मात्र जंतू नकोत. तुमची हौस इथे भागवा. साधं ब्लीच, वरून सुगंध न घातलेलं, लिटरला एक मिलिलिटर. तुमची टाकी दोनशे लिटरची असेल तर पाणी पिण्याचा एक पेला झाला. पाण्यात मिसळून टाकीत घाला, टाकी भरा, प्रत्येक नळ ब्लीचचा वास येईपर्यंत सोडा, मग बंद. बारा तास तसंच राहू द्या. मग ओतून द्या आणि ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्यानं धुवा. तुमचं जंतुनाशक एवढे दिवस चुकीच्या टाकीत जात होतं, एवढंच.

दादा म्हणायचा, "तुझ्या वहिनीला वॉर्डाच्या दारातूनच कळतं कुणाची जखम चिघळली ते." असलं नाक असताना सुताराचं भाड्यानं कशाला घेता? स्वतः हुंगा आणि कळवा.

भावजी

*

९ मार्च

भावजी,

जाळ्यांत रोज पाणी घालते. सुताराचा आजचा अहवाल: "मोरीचा वास नाही." कागदावर लिहून सही करून दिलीय त्यानं, मी तो फळीला चिकटवलाय.

पिण्याच्या टाकीचं करायला घेतलं, पण तुमची पद्धत मला पटली नाही. "वास येईपर्यंत", "वास जाईपर्यंत" हे काय मोजमाप झालं? औषध असं देतात का कुणी? नळ किती मिनिटं सोडायचा, टाकी किती वेळा भरायची आणि ओतायची, ते आकड्यांत कळवा. तोवर मी बाटलीतलं विकतचं पाणी पिते आहे.

बाकी सगळं छान. कालची गंमत. मी दुपारी खिडकीपाशी वाचत बसले होते, तर सुतारानं धाडधाड दार वाजवलं. आत शिरला तो थेट शेगडीकडे. दूध उतू जाऊन बर्नर विझला होता म्हणे, आणि गॅस चालूच. त्याला बाहेरच्या बाकावर कळलं. किती घाबरट माणूस! चारही खिडक्या उघडून मला हाताला धरून बाहेर काढलं. माझं पुस्तक आतच राहिलं.

वहिनी

*

१३ मार्च

वहिनी,

आकडे हवेत ना? घ्या. प्रत्येक नळ दोन मिनिटं. टाकी दोनदा भरून ओता. मग पाण्यातला क्लोरीन दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात, त्यांतली एक बुडवा, रंग बदलला नाही की पाणी प्या.

आता दुसरं. मी वासाची जात विचारली, तुम्ही टाळलंत. हुंगा म्हटलं, तुम्ही सुतार पुढे केलात. ब्लीचचा वास म्हटलं, तुम्ही मिनिटं मागितलीत. आणि बाकावरच्या म्हाताऱ्याला बाहेर कळलेला गॅस तुम्हाला आत, शेगडीपासून चार हातांवर कळला नाही. मी कानानं अधू आहे, वहिनी, डोक्यानं नाही.

तुम्हाला वास येत नाही. केव्हापासून?

आणि त्याला गंमत म्हणू नका. दादा गेला. आता तुमची तशी बातमी मला ऐकायची नाही. ऐकूही येणार नाही नीट, कुणाला तरी ओरडून सांगावी लागेल.

भावजी

*

५ एप्रिल

भावजी,

तीन आठवडे तुम्हाला पत्र लिहिलं नाही, कारण तुमचा राग आला होता. तुमच्या पत्रानं चांगल्याच मिरच्या झोंबल्या. तीन पत्रं लिहून फाडली. मग राग संपला आणि नुसती लाज उरली.

दोन वर्षं झाली. हे शेवटच्या आजारात होते तेव्हा मलाही ताप आला होता, आठवतं? ताप गेला, सर्दी गेली, वास परत आलाच नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत राहिले. डॉक्टर म्हणाले, कदाचित येईल, कदाचित नाही. यांच्या शर्टाला यांचा वास असेल म्हणून मी कपाटातला एक शर्ट तसाच ठेवलाय. रोज तोंडाला लावते. कापड लागतं, दुसरं काही नाही.

कुणाला सांगायचं? नाक म्हणजे माझी अर्धी नोकरी होती. नव्या डॉक्टरांना मी दारातून सांगायची, सात नंबरचं ड्रेसिंग आधी बघा. त्या बाईला स्वतःच्या घरातला संडासाचा वास कळत नाही, हे कसं सांगू? कळत नाही म्हणून तर बाटलीच्या बाटली ओतत होते. पुरेसं झालं की नाही ते सांगणारं कुणी नव्हतं.

गोटीला सांगा, असं म्हणू नका. तिला कळलं तर वीस तारखेचीही वाट बघणार नाही, गिऱ्हाईकच घेऊन येईल. गाडी आता आरशासारखी आहे. पाण्याच्या पट्टीचा रंग बदलला नाही, काल पहिला पेला प्याले. ती येईल, हुंगेल आणि परत जाईल. एवढंच मला हवंय.

वहिनी

*

१० एप्रिल

वहिनी,

पार्सल सोबत आहे. गॅसचा अलार्म आहे. गॅस जड असतो, खाली बसतो, म्हणून जमिनीपासून वीतभर उंचीवर, शेगडीच्या बाजूला लावा. सुताराला सांगा, दोन स्क्रूंचं काम आहे. बटण दाबून बघा. असा कोकलतो की मलाही ऐकू आला. नाक आज ना उद्या येईल, तोवर हे वापरा.

शर्टाचं वाचून मीही रडलो. बायको विचारत होती काय झालं. तिला म्हटलं, कांदा चिरतोय. हातात तर पत्र होतं.

गोटीचं तुमचं तुम्ही ठरवा. मी तिला कळवणार नाही. पण एक सांगतो. टाकीतलं दडवून ठेवलं तर काय होतं ते तुम्हाला आता माझ्याइतकंच माहीत आहे.

भावजी

*

२४ एप्रिल

भावजी,

सविस्तर लिहिते, नीट बसून वाचा.

गोटी वीसला सकाळी आली. मी वाट बघत पायरीवरच बसले होते. आत शिरली, न्हाणीत गेली, संडासात गेली, बेसिनच्या खालचं दार उघडून डोकं आत घातलं. पाण्याचा पेला भरून घेतला, हुंगला, प्याली. मी परीक्षेला बसल्यासारखी हात बांधून उभी. शेवटी म्हणाली, "आई, गाडी अगदी छान ठेवलीस. कसलाही वास नाही." माझा जीव भांड्यात पडला.

आणि मग म्हणाली, "तरीही विकूया. माझ्याकडे चल."

भावजी, माझ्या पायांखालची जमीनच सरकली. अडीच महिने घासलं, भिजवलं, खड्ड्यांतून आदळत फिरले, आणि तरी विक? मी खूप बोलले. तुला माझी लाज वाटते म्हणाले, तुला आई कपाटात ठेवायचीय म्हणाले. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिची नजर मला कळली. छत्तीस वर्षं मी ती नजर बघितली आहे, पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलेल्या नातेवाइकांची. ती चिडलेली नव्हती, घाबरलेली होती.

मग मी तुमचं ऐकलं. म्हटलं, "गोटी, मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. अजिबात येत नाही."

तिनं पेला खाली ठेवला. म्हणाली, "म्हणजे जानेवारीत तो गॅस..."

मला काही माहीतच नव्हतं! जानेवारीत, ती आली त्याच्या दुसऱ्या सकाळी, शेगडीचा नॉब अर्धवट उघडा राहिला होता. सगळ्या गाडीत गॅस. मी शेगडीला टेकून भाजी निवडत होते. ती म्हणाली, "आई, कसला वास येतोय?" आणि मला वाटलं, हिला टाकीचा वास आला. मी तोऱ्यात म्हटलं, "कसलाही नाही. तुझंच नाक नखरेल आहे." तिनं गुपचूप नॉब बंद केला, खिडकी उघडली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. टाकीचा वास तिला आलाही असेल, त्याचं तिला काही नव्हतं. लहानपणी तुमच्या खांद्यावर बसून केंद्र बघून आलेली पोर ती.

तेव्हापासून ती विसरण्याच्या आजाराच्या डॉक्टरांना भेटत होती, भावजी. माझ्यासाठी. ऑफिसच्या जिन्यात बसून रडत होती. मला म्हणाली, "तू गॅस उघडा ठेवलास आणि तुला कळलंही नाही. मला वाटलं, आज शेगडी विसरलीस, उद्या मला विसरशील. तू मला ओळखशील तेवढे दिवस तरी माझ्याजवळ राहावंस म्हणून..."

मी तिला जवळ घेतलं आणि पहिल्यांदा शिवीच दिली. गाढवे, म्हटलं, माझं नाक गेलंय, तू कुठे जातेस? मग आम्ही दोघी हसायला लागलो आणि रडायलाही. सुतार दारात येऊन उभा राहिला आणि तसाच परत गेला.

मी टाकी घासत बसले आणि माझी लेक तिकडे जिवंत आईसाठी रडत होती. एका वाक्याचं काम होतं. मी अडीच महिने लावले.

अलार्म तिनं स्वतः चार वेळा वाजवून बघितला. गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवलं. आधी दोन दिवस राहणार होती, आता रविवारपर्यंत आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा येते म्हणाली, आणि तेव्हा तळ्याच्या पलीकडच्या डोंगराकडे गाडी घेऊन जाऊ म्हणते. तुम्हीही या, दोघंही. वेगळा टॉवेल ठेवणार नाही.

आत्ता ती शेगडीपाशी उभी राहून कांदा परतते आहे आणि मी टेबलाशी हे लिहिते आहे. मला कळावं म्हणून वास कसा येतोय ते तिथून ओरडून सांगते आहे. आधी कच्चा, मग गोडसर, मग लग्नाच्या मांडवामागे येतो तसा. "आता थोडा करपला गं, आई!" असं आत्ताच म्हणाली. म्हटलं करपू दे, तू सांगत राहा.

वहिनी